नूरा असली म्हणून काय झालं?

आमच्या अण्णांनी तिशीपर्यंत कोल्हापूरच्या गंगावेस तालमीची माती अंगाला लावली. टीव्हीवर डब्ल्यूडब्ल्यूई, ती अमेरिकेतली कुस्ती, दिसली की त्यांचं ठरलेलं वाक्य, "नूरा हाय सगळी, बंद कर." बरोबरच आहे. निकाल आधी ठरलेला, म्हणजे नूरा. इथं खासबागच्या कुस्ती मैदानात तसा नुसता संशय आला तरी लोक गप्प बसत नाहीत.

पण म्हणून तिथं कुस्ती खेळणाऱ्या बायकांच्यात डावं-उजवं करताच येत नाही, हे मला पटत नाही. माझ्या भाचीशी यावरून रोज वाजतं. तिची शार्लट फ्लेअर. "मावशी, मी सांगतो तुला, 14 वेळा चॅम्पियन झालीया. अजून काय पायजे?" (कोल्हापूरची पोरगी, 'सांगतो'च म्हणणार.) शार्लट हलकी नाहीच. उंचीपुरी, अंगानं लवचिक. पण निकालच ठरवून लागतो तिथं चॅम्पियनचे पट्टे मोजून काय कळणार? कंपनीला कोण आवडतं तेवढं कळेल. त्यात वडील रिक फ्लेअर, तिथलेच नावाजलेले पैलवान.

मग मोजायचं काय? जे ठरवून होत नाही ते. समोरचीचं वजन काय कागदावर लिहून कमी होत नाही.

2021 ची रेसलमेनिया, म्हणजे या कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम, काढून बघा, बियांका बेलेअर आणि साशा बँक्स. साशानं रिंगमधून बाहेर अंग झोकलं. बियांकानं तिला झेललं, झेलता झेलता कोलांटी खाल्ली आणि उठली ती साशाला घेऊनच. मग हात सरळ करून तिला डोक्यावर धरली आणि तशीच लोखंडी पायऱ्या चढून रिंगमध्ये टाकली. अण्णा पेपर वाचत होते. चष्म्यावरून बघितलं. "परत लाव." तीनदा लावलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "वरचीला बघ. कशी ताठ राहिलीया. ढिली पडली असती तर दोघीबी गेल्या असत्या."

मी इतकी वर्षं उचलणारीलाच बघत होते.

त्याच कुस्तीत बियांकाच्या लांब वेणीचा फटका साशाच्या पोटावर बसला आणि वळ उठला. त्यात काय नूरा? ही बियांका कॉलेजात अडथळ्यांच्या शर्यती पळायची. रिंगमधले कपडे स्वतः शिवते, हे मला जास्त आवडतं.

दमात मात्र रिया रिप्ली. रॉयल रंबलमध्ये एकेक करून सगळ्या उतरतात आणि शेवटी उरेल ती जिंकते. 2023 ला रिया त्यात पहिली उतरली आणि तासाभरानं शेवटची उरली. ज्यानं आयुष्यात पन्नास बैठका मारल्यात त्यानं तासभर उभं राहणं म्हणजे काय ते सांगावं. असुकाबद्दल वाद नको, तिच्या लाथा बघितल्या की विषय संपतो. बेकी लिंचला मी ताकदीत खालीच धरते. तिची जिगर वेगळी. 2018 ला नाक फुटून तोंड रक्तानं माखलेलं, आणि बाई लोकांच्यात उभी राहून हात पसरून खुणावतेय. पुढच्याच वर्षी रेसलमेनियाची शेवटची, मोठी लढत पहिल्यांदा बायकांची झाली, ती मारली बेकीनंच.

पण माझा पहिला नंबर इयो स्काय. 2025 ला लास वेगासमध्ये एका बाजूला रिया, दुसऱ्या बाजूला बियांका, आणि मधे ही चिमणीएवढी. पट्टा तिनंच राखला, पण पट्टे मोजायचे नाहीत असं मीच म्हटलंय, म्हणून ते सोडा. तिची मूनसॉल्ट बघा. कोपऱ्यातल्या दोरावर पाठ करून उभी राहते, म्हणजे खाली पडलेली दिसत नाही. उलटी उडी, आणि उतरते बरोबर जिथं उतरायचं तिथं. चार बोटं इकडं-तिकडं झालं तर खालचीच्या बरगड्या जातील.

"रियाच्या खांद्याला लागतीया ती," भाची अजून ऐकत नाही.

काल रात्री अण्णांनी इयोची उडी पहिल्यांदा नीट बघितली. दोन्ही गुडघ्यांना तेल चोळत बसले होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हिच्या गुडघ्यांचं कोण बघतंय?"