घाम गाळा, पण गोळी टाळू नका

महिन्याभरात एकच मेसेज मला तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. आधी सोसायटीच्या, मग माहेरच्या, मग शाळेतल्या मैत्रिणींच्या. मजकूर असा: फिनलंडच्या लोकांसारखा रोज अर्धा तास सौना घ्या (म्हणजे तापल्या दगडांनी गरम केलेल्या लाकडी खोलीत फळीवर बसून घाम गाळा). शरीरातली सगळी विषारी द्रव्यं घामावाटे निघून जातात. महिन्यात ५ किलो वजन उतरतं. हृदयविकाराचा धोका ६३ टक्क्यांनी कमी होतो, बीपी-शुगरच्या गोळ्या सुटतात. आधी पाणी पिऊ नका. जितकं सोसवेल तितकं बसा आणि बाहेर आल्याबरोबर बर्फाचं पाणी अंगावर घ्या. शेवटची ओळ: हे सगळं चरकसंहितेत आहे, त्यामुळे कोणालाच अपाय नाही.

घोडबंदर रोडवरच्या आमच्या संकुलाच्या क्लबहाऊसमध्ये सौनाची एक छोटी खोली आहे. वर्षभर तिकडे कोणी फिरकत नव्हतं. मेसेज आला आणि सकाळी नंबर लागायला लागले. एका रविवारी जिममधून निघताना तिसऱ्या मजल्यावरचे काका मला त्या खोलीच्या दारात दिसले. एक हात चौकटीवर, चेहरा पांढराफटक. घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरत होता, पण तो पुसायला त्यांचा हात उचलत नव्हता. "काका, बरं वाटत नाही का?" एवढं विचारेपर्यंत चौकट सुटली आणि ते भिंतीला पाठ घासत खाली आले. मी आणि तिथल्या आणखी एकीने त्यांना आडवं केलं, पाय बाकावर ठेवले, पंखा लावला. रंग परत यायला दहा मिनिटं गेली. मग हळूच म्हणाले, "सकाळपासून पाणी नाही प्यायलो गं. मेसेजमध्ये तसंच होतं. गोळी तेवढी घेतली होती, तीही येत्या सोमवारपासून बंद करणार होतो."

मी फार्मासिस्ट आहे. एकोणीस वर्षं ठाण्यात औषधाच्या काउंटरमागे उभी आहे. म्हणून सुरुवात गोळ्यांपासूनच करते.

सौनात बसलं की कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्त कातडीकडे धावतं. नाडी मिनिटाला १०० च्या वर जाते, कधी १५० पर्यंतही पोहोचते. रुंदावलेल्या वाहिन्यांमुळे रक्तदाब उतरतो, विशेषतः बसलेला माणूस झटकन उभा राहतो तेव्हा. मेसेज लिहिणाऱ्याने यातूनच "बीपी बरा होतो" असा अर्थ काढला असावा. पण हा उतार तात्पुरता असतो. अंग निवलं की दाब आपल्या जागी येतो. गोळी तो दाब चोवीस तास धरून ठेवते. तिची जागा पंधरा मिनिटांची उष्णता घेऊ शकत नाही.

उलट, गोळी चालू असेल तर सौनात जास्त सांभाळावं लागतं. लघवी वाढवणाऱ्या गोळीने अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं. नाडी मंद ठेवणाऱ्या गोळीमुळे हृदयाला हवा तेव्हा वेग वाढवता येत नाही. त्यात उष्णतेने वाहिन्या सैल झाल्या की डोळ्यांपुढे अंधारी येते. काकांचं नेमकं हेच झालं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर नीट ऐकावं: उष्णतेत टोचलेलं इन्सुलिन रक्तात लवकर उतरतं आणि साखर अचानक खाली येऊ शकते. दुखण्यावरचा किंवा हृदयासाठीचा औषधी पॅच अंगावर असेल तर त्यातूनही औषध जास्त वेगाने शोषलं जातं. मधुमेहाने पायाची संवेदना गेली असेल तर तापलेल्या फळीचा चटका कळतही नाही. यातलं काहीही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. छातीत दुखण्याचा त्रास वाढता असेल, नुकताच झटका येऊन गेला असेल किंवा हृदयाची झडप फार अरुंद झालेली असेल, तर सौनाचा विचारच नको.

आता ते ६३ टक्के. हा आकडा खोटा नाही, म्हणूनच तो जास्त फसवतो. पूर्व फिनलंडमधल्या कुओपिओ भागातल्या ४२ ते ६० वयाच्या २,३१५ पुरुषांवर सुमारे वीस वर्षं लक्ष ठेवलं गेलं आणि निष्कर्ष २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आठवड्यातून ४ ते ७ वेळा सौना घेणाऱ्यांमध्ये अचानक हृदय बंद पडून येणारा मृत्यू, आठवड्यातून एकदाच घेणाऱ्यांच्या तुलनेत, ६३ टक्क्यांनी कमी आढळला. नीट वाचा: तुलना सौना न घेणाऱ्यांशी नव्हती, कमी वेळा घेणाऱ्यांशी होती. आकडा सगळ्या हृदयविकाराचा नाही, एका विशिष्ट प्रकारच्या मृत्यूचा आहे. त्यात बाई एकही नव्हती. आणि हे निरीक्षण होतं. कोणाला सौना द्यायचा, कोणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. धूम्रपान, रक्तदाब, वजन वगैरे गोष्टींचा हिशेब संशोधकांनी केला होता, तरी एक शंका उरतेच. ज्याला रोज सौना झेपतो, रोज तेवढी उसंत मिळते, तो मुळातच जास्त धडधाकट आणि निवांत असेल, नाही का? ही माणसं लहानपणापासून सौनात वाढलेली आहेत. मला तो अभ्यास आश्वासक वाटतो. पण नवरात्रात पहिल्यांदा सौनात पाय ठेवलेल्या ठाण्यातल्या अडुसष्ट वर्षांच्या गृहस्थांना तो जसाच्या तसा लावता येणार नाही.

"विषारी द्रव्यं घामावाटे निघून जातात." घाम म्हणजे जवळजवळ सगळं पाणी, त्यात मीठ आणि थोडा युरिया वगैरे. काही धातू त्यात सापडतात, पण अगदी लेशमात्र. शरीर साफ ठेवण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यासाठी त्यांना पाणी लागतं. पाणी न पिता घाम गाळायचा म्हणजे जे अवयव सफाई करतात त्यांचाच पुरवठा तोडायचा. त्या मेसेजमधली मला सगळ्यात जास्त चीड आणणारी ओळ हीच.

वजनाचं थोडक्यात. माझ्या मुलाने सौनाआधी आणि नंतर वजनकाट्यावर उभं राहून बघितलं: ७१.४ आणि ७०.९. दोन पेले कोकम सरबत आणि रात्रीचं जेवण झाल्यावर ७१.६. एक किलो चरबी जाळायला ढोबळमानाने ७,७०० कॅलरी खर्च व्हाव्या लागतात. बसल्याजागी घाम गाळून त्या होत नाहीत.

"जितकं सोसवेल तितकं बसा" यावर फिनलंडनेच उत्तर देऊन ठेवलंय. तिथल्या हेइनोला गावात १९९९ पासून सौनात जास्तीत जास्त वेळ बसण्याची जागतिक स्पर्धा होत असे. तापमान ११० अंश, शिवाय दर अर्ध्या मिनिटाला दगडांवर पाणी. २०१० च्या अंतिम फेरीत एक रशियन स्पर्धक दगावला, त्याच्यासोबतचा, आधीच्या स्पर्धांमधला फिनिश विजेता गंभीर भाजला आणि स्पर्धा कायमची बंद झाली. सर्वसामान्य फिनिश घरात असं कोणी बसतच नाही. सुमारे ५५ लाख लोकसंख्येच्या त्या देशात ३० लाखांच्या वर सौना आहेत. युनेस्कोने २०२० मध्ये तिथल्या सौना-संस्कृतीला आपल्या वारशाच्या यादीत घेतलं. सौनात चर्चमध्ये बसल्यासारखं वागावं, असं तिथली म्हण सांगते. दवाखाने नव्हते तेव्हा बायका तिथेच बाळंत व्हायच्या, कारण घरातली सगळ्यात ऊबदार आणि स्वच्छ जागा तीच. हे वाचलं तेव्हा मला आजीच्या घरातली बाळंतिणीची खोली आठवली. शेगडी, ओव्या-बाळंतशेपांची धुरी, हळू आवाजातलं बोलणं. उबेचा आदर आपल्यालाही ठाऊक आहे. वज्रेश्वरी-अकलोलीच्या गरम कुंडांवर पाय सोडून बसलेल्या म्हाताऱ्या बायका बघा. त्यांतली कुणी घड्याळ लावून बसत नाही.

बर्फाच्या पाण्याचं तसंच. फिनलंडमध्ये लोक सौनातून निघून गोठलेल्या तळ्यात डुंबतात हे खरं, पण ती वर्षानुवर्षांची सवय आहे. सवय नसलेल्याच्या रुंदावलेल्या वाहिन्या गार पाण्याने एकदम आक्रसतात, श्वास अडकतो, दाब उसळतो. शिवाय हवेचा फरक लक्षात घ्या. तिकडे दार उघडलं की कोरडी गार हवा अंग निववते. मे महिन्यात ठाण्यात बाहेर आलं की ३३-३४ अंश आणि हवेत इतका दमटपणा की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. म्हणजे बाहेर आल्यावरही शरीर तापलेलंच राहतं. इथे निवायला पंखा, कोमट पाणी आणि वेळ लागतो.

चरकसंहितेचं नाव घेतलंय तर ती उघडूया. तिच्या सूत्रस्थान या पहिल्या भागाचा चौदावा अध्याय स्वेदावर, म्हणजे ऊब देऊन घाम काढण्याच्या उपचारावर आहे. त्यात अग्नीने द्यायच्या स्वेदाचे तेरा प्रकार सांगितलेत. त्यांतला जेन्ताक स्वेद सौनाच्या फार जवळ जातो: गोल मातीची खोली, भिंतीलगत बसायचा ओटा, मध्ये पुरुषभर उंचीचा, बारीक छिद्रांचा मातीचा अग्निस्तंभ. त्यात खैरासारखी लाकडं पेटवायची आणि धूर पूर्ण गेल्यावरच आत जायचं. फिनलंडचा जुना धुराचा सौनाही असाच, धूर निघून गेल्यावर वापरायचा. वाचताना अंगावर काटा आला.

पण त्याच अध्यायात स्वेद कोणाला देऊ नये याचीही यादी आहे. गर्भवती. रोज मद्य घेणारे. मधुमेही. कावीळ झालेले. तहानलेले, भुकेलेले. स्थूल. विषाने आजारी पडलेले. मेसेज पाणी पिऊ नका म्हणतो, संहिता तहानलेल्याला आत सोडत नाही. मेसेज वजन उतरेल म्हणतो, संहिता स्थूल माणसाला थांबवते. मेसेज शुगरची गोळी सोडवतो, संहिता मधुमेह्याला वगळते. वृषण, हृदय आणि डोळे यांना स्वेद सौम्य द्यावा किंवा देऊच नये, असंही ती सांगते. वारंवारच्या सौनाने शुक्राणूंची संख्या काही काळ घटते, हे आज आपल्याला माहीत आहे. मूल हवं असलेल्या जोडप्यांनी ध्यानात ठेवावं. पहिल्या काही आठवड्यांच्या गर्भाला आईच्या अंगातली अति उष्णता बाधते, हेही सिद्ध आहे. आणि बर्फाचं पाणी? बाहेर आल्यावर एकदम गार पाण्याला हात लावू नये, मुहूर्तभर थांबून सुखोष्ण पाण्याने स्नान करावं, असं संहितेत स्पष्ट आहे. घेरी आली तरी ओट्याचा आधार सोडू नको, नाहीतर दार सापडायच्या आत जिवावर बेतेल, असं वैद्य रुग्णाला आत पाठवतानाच बजावतो. हे वाचलं तेव्हा चौकटीवरून सुटलेला काकांचा हातच डोळ्यांसमोर आला.

आता घरी सौना बसवणाऱ्यांसाठी, कारण मेसेजमुळे तंबूसारखे पोर्टेबल सौनाही धडाधड मागवले जातायत. त्यातले बरेचसे वाफेचे असतात. कोरड्या सौनात ८० अंश सोसतात, कारण हवा कोरडी असते आणि घाम उडून जातो. वाफेत घाम उडतच नाही, तिथे ४०-४५ अंशच पुष्कळ होतात. सौनाचे आकडे वाफेला लावलेत तर भाजाल. लाकडी खोली बसवायची तर हीटर सहा किलोवॅटच्या आसपासचा असतो, म्हणजे दोन-तीन गिझर एकत्र. गिझरच्या सॉकेटवर तो चालवू नका. मंजूर लोड तपासून, वेगळी वायर ओढून, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच काम करून घ्या. निलगिरीचं तेल तापल्या दगडांवर थेट ओतू नका, पेट घेतं. दार बाहेर उघडणारं हवं, त्याला आतून कडी नको. पावसाळ्यात खोली वापरून झाल्यावर दार सताड उघडं ठेवा, नाहीतर आठवड्यात फळ्यांना बुरशी धरते.

निरोगी माणसाने सुरुवात खालच्या फळीवर, आठ-दहा मिनिटांनी करावी. आधी पेलाभर पाणी. भरल्या पोटी नको, दारू घेतलेली असेल तर मुळीच नको. उठण्याआधी दोन मिनिटं पाय खाली सोडून बसावं. घरात दुसरं कोणीतरी असावं.

काका आता बुधवारी आणि रविवारी येतात. त्यांच्या डॉक्टरांनी तपासून सात मिनिटांची परवानगी दिलीय. गोळी चालू आहे. ते खालच्या फळीवर बसतात, बाहेर बाकावर काकू ताकाचा तांब्या घेऊन बसतात आणि सात मिनिटं झाली की काचेवर बांगडी वाजवतात.