खुलासा : ‘कडक गोळी घेतली की मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर शौचाला त्रास होत नाही’

असा एक मेसेज सध्या फिरतोय. ट्रामाडॉल किंवा कोडीन घ्या, म्हणजे शौचाला बसताना काही जाणवणार नाही, असं त्यात म्हटलंय. हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं चांगलंच महागात पडतं.

ही अफूच्या कुळातली औषधं. ती मेंदूत वेदना दाबतात, पण त्यांचे रिसेप्टर, म्हणजे औषध जिथे चिकटून काम करतं त्या जागा, आतड्याच्या भिंतीतही असतात. तिथे ती आतड्याची पुढे ढकलणारी हालचाल मंदावतात. मळ आत रेंगाळतो, त्यातलं पाणी शोषलं जातं. मग चौथ्या दिवशी ताज्या जखमेवरून खडा सरकतो. तेव्हा कुठली गोळी आठवणार?

गुंगी, मळमळ काही दिवसांत सरावाने कमी होते. बद्धकोष्ठ मात्र सहसा कमी होत नाही.

म्हणून सर्जन साधारणपणे पॅरासिटामॉल आणि चालत असेल तर आयबुप्रोफेन ठरलेल्या वेळेला देतात. अफूवर्गीय गोळी फक्त असह्य दुखण्यापुरती, थोडे दिवस, आणि सोबत लॅक्टुलोजसारखं रेचक पहिल्या दिवसापासून.

‘एका गोळीने व्यसन लागतं’ हा उलटा मेसेजही चूकच. डॉक्टरांनी दिली असेल तर घाबरून कण्हत बसू नका.