तीन नंबरची जर्सी

मी अमेरिकेत आले ऑगस्ट २००० मध्ये. सिएटलजवळ रेडमंडला नोकरी, सोबत दोन बॅगा, एक प्रेशर कुकर, आणि बेसबॉलबद्दल शून्य माहिती. जानेवारीत मॉलमधल्या एका दुकानात सेल लागला होता. तिथं सिएटल मरीनर्स या इथल्या बेसबॉल टीमच्या जर्सींचा एक अख्खा रॅक सत्तर टक्के सवलतीत, सगळ्याच्या सगळ्या एकाच नंबरच्या. तीन नंबर, मागं नाव रॉड्रिगेझ. सांगलीच्या मुलीला सत्तर टक्के सूट दिसल्यावर ती नाव कशाला वाचतेय? घेतली, आणि शुक्रवारी ऑफिसला घालून गेले.

लिफ्टमध्ये कुणी बोलेना. कॉफीच्या मशीनपाशी एकानं माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. शेवटी टीममधल्या एका वयस्कर सहकाऱ्यानं मला बाजूला घेतलं आणि नव्या सुनेला घरातली भानगड सांगावी तशा हळू आवाजात सांगितलं की हा माणूस महिन्यापूर्वीच आम्हाला सोडून गेलाय.

हा माणूस म्हणजे अॅलेक्स रॉड्रिगेझ. मरीनर्सनं १९९३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, सर्वांत आधी निवडलेला, अठराव्या वर्षी मैदानात उतरलेला, १९९६ मध्ये बॅटिंगमध्ये लीगमध्ये पहिला आलेला. डिसेंबर २००० मध्ये त्यानं टेक्सास रेंजर्स या टीमशी दहा वर्षांचा करार केला, २५ कोटी २० लाख डॉलरचा. तोवर कुठल्याच खेळात एवढा मोठा करार झाला नव्हता. म्हणून तो रॅक सत्तर टक्क्यांत.

एप्रिल २००१ मध्ये तो टेक्सासच्या कपड्यात पहिल्यांदा सिएटलला खेळायला आला, तेव्हा ऑफिसच्या टोळक्याबरोबर मीही गेले होते. तो बॅटिंगला आला की आख्खं स्टेडियम हुर्यो उडवायचं आणि लोक खोट्या नोटा भिरकावायचे. आपल्या व्यापाराच्या डावात असतात ना, साधारण तसल्या. माझ्या हातातही कुणीतरी एक गड्डी कोंबली. मीही उडवल्या. फार मजा आली, खोटं कशाला बोलू.

त्याच सीझनमध्ये आई आणि अण्णा पहिल्यांदा इकडे आले. टेक्सासची टीम पुन्हा आली होती, म्हणून अण्णांना घेऊन गेले. अण्णा बँकेतून रिटायर झालेले, क्रिकेटचे जुने भक्त. बेसबॉल त्यांना तासाभरात कळला. ("फुलटॉसच्या फुलटॉस, तरी यांना मारता येत नाही होय?") रॉड्रिगेझ बॅटिंगला आला, हुर्यो सुरू झाली. अण्णांनी विचारलं, यानं काय केलं? मी सांगितलं, पैशासाठी आपली टीम सोडून गेला.

अण्णा शेंगा सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "मग तू कशासाठी आलीस इकडं?"

मला काही सुचेना. पुढं तेच म्हणाले, "आमचे विजय हजारे सांगलीत जन्मले. गेले की बडोद्याला. बडोद्याकडून खेळले, तिथंच घर केलं. सांगलीत कुणी हुर्यो उडवली नाही. उलट अजून सांगतो आम्ही, हजारे आमचे."

एवढं बोलून परत शेंगा. त्या मॅचमध्ये पुढं काय झालं ते मला आठवत नाही.

आज हे आठवायचं कारण असं की मागच्या आठवड्यात लंचला ऑफिसातल्या पोरांनी विषय काढला, तुमचा सगळ्यात आवडता मरीनर कोण? पंचवीस वर्षांत हा वाद मी शंभर वेळा ऐकलाय. प्रत्येक वेळी कुणीतरी आकडे काढतं आणि प्रत्येक वेळी आकडे हरतात. आकड्यांनीच ठरायचं असतं तर रॉड्रिगेझचं नाव वर यायला हवं, कारकिर्दीत ६९६ होमरन, म्हणजे आपल्या सिक्सरसारखे फटके, आहेत त्याचे. इथं त्याचं नाव कुणी घेत नाही. आता म्हणतात, त्यानं पुढं ताकद वाढवणारी औषधं घेतली म्हणून. पण ते त्यानं कबूल केलं २००९ मध्ये, आम्ही नोटा उडवल्या २००१ मध्ये. राग आधीचा, कारण नंतर सापडलेलं.

माझं मत असं झालंय की चाहत्यांचा आवडता खेळाडू तो कसा खेळला यावर अर्धाच ठरतो. उरलेलं अर्धं तो कसा गेला यावर.

केन ग्रिफी ज्युनिअर घ्या. टोपी उलटी घालून हसणारा पोरगा. १९९० मध्ये हा आणि याचा बाप एकाच टीममधून खेळले आणि सप्टेंबरात एका मॅचमध्ये दोघांनी लागोपाठ होमरन मारले. आधी बाप, मग पोरगा. १९९७ मध्ये ५६ होमरन, १९९८ मध्ये पुन्हा ५६. मी आले तेव्हा तो नुकताच गेलेला, फेब्रुवारी २००० मध्ये, आणि तोही स्वतः मागणी करून. पण गेला सिनसिनाटीला, जिथं तो लहानाचा मोठा झाला आणि जिथं बाप खेळला. घरी गेला म्हटल्यावर लोक गप्प बसले. २००७ मध्ये पाहुण्या टीममधून आला तर अख्खं स्टेडियम उभं राहिलं. २००९ मध्ये परत इथं आला, आणि २०१० मध्ये एक दिवस निरोपबिरोप काही न घेता गाडी काढून फ्लोरिडाच्या वाटेला लागला. दुसऱ्या कुणी केलं असतं तर वर्षभर शिव्या खाल्ल्या असत्या. ग्रिफीला सगळं माफ. माहेरची लाडकी लेक असते तसा आहे तो इथं.

एडगर मार्टिनेझ गेलाच नाही. १९८७ ते २००४, एकच टीम. पुढच्या वर्षांत त्याचं काम जवळपास फक्त बॅटिंग, फिल्डिंगला दुसरेच. त्याचा तो १९९५ चा फटका मी पाहिलेला नाही, पण इतक्या जणांकडून ऐकलाय की पाहिल्यासारखाच आहे. ऑक्टोबरची ८ तारीख, न्यू यॉर्कच्या यांकीजविरुद्ध निर्णायक मॅच, अकरावी इनिंग, मरीनर्स एका रननं मागं. एडगरनं डावीकडे रेषेलगत चेंडू तडकावला, तिसऱ्या बेसवरचा आमचा जोई कोरा आला, बरोबरी झाली, आणि पहिल्या बेसवरून ग्रिफी धावत सुटला तो थेट घरी, म्हणजे होम प्लेटला, आणि मॅच आमची. मग त्याच्या अंगावर अख्खी टीम, आणि त्या ढिगाऱ्याखाली त्याचं हसरं तोंड. टीम गाव सोडून जाणार अशी तेव्हा भीती होती. त्याच महिन्यात राज्याच्या विधिमंडळानं नव्या स्टेडियमसाठी पैशांची तरतूद केली. आज स्टेडियमशेजारच्या रस्त्याला एडगरचं नाव आहे. आमच्या शेजारच्या आजोबांना आवडता कोण असं विचारलं तर ते त्या रस्त्याच्या दिशेनं नुसतं बोट करतात.

माझा मात्र इचिरो. तोही २००१ चा, माझ्यासारखाच नवा, इंग्रजी बेताचं. (माझं एवढं वाईट नव्हतं, पण फोनवर पिझ्झा मागवताना घाम फुटायचा.) लोक म्हणायचे, जपानमध्ये ठीक आहे, इथल्या पिचरपुढं, म्हणजे बोलरपुढं, टिकेल का? पहिल्याच वर्षी २४२ हिट्स, म्हणजे बेस गाठून देणारे फटके. रॉड्रिगेझ गेलेल्या टीमनं त्या वर्षी ११६ मॅच जिंकल्या, हे तर आम्ही प्रत्येकाला थांबवून सांगायचो. प्रत्येक चेंडूआधी उजव्या हातानं बॅट पिचरकडे सरळ उभी धरायची, डाव्या हातानं खांद्यापाशी बाही किंचित ओढायची. दहा वर्षं तेच, दहा वर्षं दरवर्षी दोनशेच्या वर हिट्स. २००४ मध्ये २६२, ८४ वर्षांपूर्वीचा विक्रम मोडून. ऑफिसला जाताना गाडीची किल्ली, बॅज, डबा, हे ज्या क्रमानं मी अजून घेते, तो क्रम मी त्याच्यामुळे लावला. नवरा हसतो. हसू दे.

२३ जुलै २०१२, सोमवार. संध्याकाळच्या मॅचची तिकिटं काढलेली, आणि दुपारी बातमी आली, इचिरो यांकीजकडे. यांकीज त्या दिवशी सिएटलमध्येच होते. म्हणजे माणूस त्याच स्टेडियममध्ये एका ड्रेसिंगरूममधून निघून दुसऱ्या ड्रेसिंगरूममध्ये गेला आणि त्याच संध्याकाळी आमच्याविरुद्ध उतरला. पाठीवर ५१ च्या जागी ३१. तरुण पोरांना जागा मिळावी म्हणून त्यानं स्वतःच बदली मागितली होती. पहिल्यांदा बॅटिंगला आला, सगळे उभे. त्यानं हेल्मेट काढलं आणि वाकून नमस्कार केला, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. मग हिट मारली, आणि लगेच दुसरा बेस चोरला, म्हणजे पिचर चेंडू टाकतोय तोवर पळून गाठला. आमच्याच टीमविरुद्ध! आणि आम्ही टाळ्या वाजवतोय.

गेला तोही. तेही स्वतः मागून. पण जाताना आमच्याकडे बघून गेला. गेल्या वर्षी हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेला तेव्हा ३९४ पैकी ३९३ मतं पडली. तो एक मतदार कोण हे अजून कळलेलं नाही, आणि कळू नये हेच त्याच्या हिताचं.

मोठ्या लेकीचा फेलिक्स हर्नांडेझ. पैसे म्हणाल तर त्यानं २०१३ मध्ये सात वर्षांचे १७ कोटी ५० लाख डॉलर घेतलेच की. पण इथं राहण्यासाठी घेतले, म्हणून त्याचं कुणी काढलं नाही. त्याच्या मॅचला पिवळे टीशर्ट घालून आरडाओरडा करायचा एक वेगळा कोपराच असायचा. पोरगी आठ वर्षांची असल्यापासून तिथं. त्याच्या सगळ्या वर्षांत टीम एकदाही प्लेऑफला, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांना, गेली नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये शेवटची मॅच, तो मैदानावर रडत होता आणि माझी पंधरा वर्षांची मुलगी माझा स्टोल डोळ्यांना लावून हुंदके देत होती. तो स्टोल पैठणीच्या काठाचा होता, पण त्या दिवशी काही बोलले नाही.

ती तीन नंबरची जर्सी अण्णा जाताना घेऊन गेले. "चांगलं सुती कापड आहे," म्हणाले. सुती नव्हतं. सांगलीत रोज सकाळी तीच घालून जास्वंदीला पाणी घालायचे, गल्लीतली पोरं त्यांना 'रॉड्रिगेझ आजोबा' म्हणायची. मी सुट्टीत गेले की फाटकाशी तो तीन नंबर दिसायचा आणि दरवेळी मला त्या शेंगा आठवायच्या. खोट्या नोटांचं मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

धाकट्याचा जीव सध्या कॅल रॅलीवर आहे. गेल्या सीझनमध्ये ६० होमरन, तेही कॅचर, म्हणजे आपल्याकडचा विकेटकीपर, असून, जिथं दर मॅचला शंभराच्या वर वेळा उठबस करावी लागते. त्याच्या आधीच्या फेरीत टोरांटोविरुद्ध सातवी, निर्णायक मॅच ४-३ नं हरलो, आणि अंतिम लढत, म्हणजे वर्ल्ड सिरीज, याही वेळी हुकली. लीगमधल्या तीस टीमपैकी आजवर एकदाही तिथं न पोचलेली एकमेव टीम आमचीच. त्या रात्री पोरगा जेवला नाही. दुसऱ्या दिवशी वरणभात कालवता कालवता त्यानं विचारलं, "आई, कॅलचा काँट्रॅक्ट कधीपर्यंत आहे?"

२०३० पर्यंत, मी सांगितलं.

"आणि मग?"

मी त्याला आणखी थोडं तूप वाढलं.