वारांचा क्रम आणि ग्रहांचा क्रम : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

सूर्यापासूनच्या अंतरानुसार ग्रहांचा क्रम सांगणाऱ्या माझ्या लेखावर आपला आक्षेप असा आहे की, हा क्रम मी कोपर्निकसाच्या नावावर मांडला, परंतु आपल्या वारांच्या नावांत तो कितीतरी आधीपासून आहे आणि मी त्याचा साधा उल्लेखही केला नाही. उल्लेख राहून गेला ही माझी चूक आहे, कारण वारांचा ग्रहक्रमाशी खरोखरच संबंध आहे. मात्र तो आपण म्हणता तितका सरळ नाही.

वारांच्या ओळीत मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये बुध येतो. अंतर सूर्यापासून मोजले तर बुध तेथे बसू शकत नाही आणि पृथ्वीपासून मोजणाऱ्या प्राचीन क्रमातही तो तेथे नाही. वार आले आहेत ते होऱ्यांतून, म्हणजे दिवसरात्रीच्या एकेका तासाच्या भागांतून. अहोरात्राचे २४ होरे शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र या क्रमाने वाटले जातात आणि सूर्योदयाचा होरा ज्याचा, त्याचे नाव त्या वाराला मिळते. रविवारचा पहिला होरा रवीचा. सातांची तीन आवर्तने झाली की २२ वा पुन्हा रवीचा, २३ वा शुक्राचा, २४ वा बुधाचा, आणि म्हणून दुसऱ्या दिवशीचा पहिला चंद्राचा, म्हणजे सोमवार. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास नेमके हेच सांगितले आहे की, शीघ्रतेच्या क्रमाने घेतलेला प्रत्येक चौथा ग्रह हा दिवसाचा अधिपती होतो. (वाराचा निर्देश असलेला आपल्याकडचा एक जुना शिलालेख मध्य प्रदेशातील एरण येथील, गुप्त सम्राट बुधगुप्ताच्या काळातला आहे. त्यातील गुरुवार २१ जून ४८४ या दिवसाशी जुळतो, हे भारतीय ज्योतिषाचे अभ्यासक असलेल्या आपल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी गणिताने दाखवले होते.)

तेव्हा अंतराचा क्रम शोधायचा तो वारांत नव्हे, होऱ्यांच्या मूळ ओळीत. ती ओळ पृथ्वीपासूनची आहे. सर्वांत दूर शनी, सर्वांत जवळ चंद्र. तिच्यात रवीच्या जागी चंद्रासह पृथ्वी ठेवा आणि पृथ्वीच्या जागी रवी ठेवा, म्हणजे शनी, गुरू, मंगळ, पृथ्वी, शुक्र, बुध, सूर्य असा आजचाच क्रम उलट दिशेने मिळतो. १५४३ मध्ये कोपर्निकसाने केलेला बदल क्रमापुरता एवढाच आहे, हे मी लेखात स्पष्ट लिहायला हवे होते.

परंतु येथे थांबलो तर आर्यभटावरही अन्याय होईल. बुधाच्या शीघ्रोच्चाच्या (ग्रहाचे स्थान काढण्यासाठी कल्पिलेल्या फिरत्या बिंदूच्या) एका फेरीला आर्यभटाच्या आकड्यांवरून ८७.९७ दिवस लागतात आणि शुक्राच्या शीघ्रोच्चाला २२४.७० दिवस, हे दोन्ही काळ आज आपण त्या ग्रहांच्या सूर्याभोवतीच्या प्रदक्षिणेचे म्हणून शिकवतो. निरीक्षणाची ही अचूकता मला फार मोलाची वाटते. अंतरे मात्र त्या पद्धतीतून योग्य येत नव्हती, कारण सर्व ग्रह आपापल्या कक्षेत सारख्याच वेगाने योजने चालतात असे गृहीत धरले होते. तसे मानले की फेरीचा काळ जितका पट, कक्षाही तितकीच पट होते, आणि शनी रवीच्या सुमारे २९.५ पट दूर जातो. प्रत्यक्षात सूर्यापासून त्याचे सरासरी अंतर पृथ्वीच्या ९.५४ पट आहे. काळाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो, हा केप्लरचा १६१९ मधील नियम लावून पाहा : २९.४६ चा वर्ग ८६८ आणि ९.५४ चा घनही ८६८. दोन्ही रीतींत जास्त काळ म्हणजे जास्त अंतर असल्यामुळे क्रम तोच राहिला, मापे बदलली.

होऱ्यांचा आणि आर्यभटाचा भाग मी लेखात जोडत आहे. कोपर्निकसाचे नाव मात्र काढणार नाही, कारण लेखाचे शीर्षकच ‘सूर्यापासून’ असे आहे आणि सूर्य मध्यभागी ठेवून ही ओळ त्याने लावली.