कॉम्प्रेसर, मिस्त्री आणि आई

फर्निचरचं काम काढलं की घर आपलं राहत नाही. आम्ही ते काढलं ऐन श्रावणात. हॉलमध्ये प्लायच्या थप्प्या, बाल्कनीत सनमायका आणि टीव्हीच्या जागी कॉम्प्रेसर. टाकीतली हवा उतरली की तो आपला आपण सुरू व्हायचा, आणि फोनवरचा माणूस विचारायचा, "गिरणीत आहेस का?"

हातोडीची ठोकठोक आता फार उरली नाही. मिस्त्रींच्या हातात पिना ठोकायची, हवेवर चालणारी गन असते. चाप ओढला की नळीतली दाबाची हवा आतल्या दट्ट्यावर आदळते, दट्ट्याचं पातं पिनेला हाणतं आणि ३० मिलिमीटरची पिन पापणी लवायच्या आत लाकडात. "प्रेशर ७०-८० पौंडावर ठेवायचं साहेब," मिस्त्री म्हणाले. "कमी पडलं तर पिनेचं डोकं वर राहतं, जास्त झालं तर लाकडी पट्टीत खोल घुसतं." एवढं ज्ञान देऊन त्यांनी पट्टी माझ्याच हातात दिली. मालक रिकामा उभा दिसणं कुठल्याही मिस्त्रीला बघवत नाही.

आई कोपऱ्यात मेथी निवडत होती. म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं. लाकडातल्या गाठीला लागून एक पिन वळली आणि पट्टीच्या कडेतून, माझ्या अंगठ्याच्या बरीच जवळ, बाहेर डोकावली. आईने मेथी बाजूला ठेवली. तिथून पुढे साइट तिच्या ताब्यात.

"वीतभर लांब धर रे हात. आणि अहो मिस्त्री, तुमचा चष्मा कुठाय?"

चष्मा होता. हत्यारांच्या पेटीत, दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीसकट, नवाकोरा.

"घाम येतो हो आजी त्यात."

"पिन उडून डोळ्यात गेली तर घाम यायचा थांबणार आहे का?"

मिस्त्रींनी चष्मा लावला. मग गन अडकली. ते नळी तशीच ठेवून तोंडाशी स्क्रूड्रायव्हर खुपसायला निघाले, तर आई उठून उभीच राहिली. "आधी नळी काढा!" नळी निघाली, फुस्स झालं, वाकडी पिन पकडीने उपसली. शिडीवर चढताना चापावर बोट ठेवायचं नाही, रिकामी आहे म्हणून गन कुणाकडे रोखायची नाही, हेही त्याच दमात ठरलं. मला तर वाटलं, मागच्या जन्मी ही एखाद्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर असावी.

हार एकदाच झाली, तेलाच्या बाबतीत. सकाळी काम सुरू करण्याआधी मिस्त्री गनमध्ये, नळी जोडतात त्या तोंडातून, तेलाचे दोन-तीन थेंब सोडायचे. आईने प्रेमाने खोबरेल पुढे केलं. मिस्त्री कधी नव्हे ते ठाम झाले. "नको आजी, थंडीत थिजतं, आत चिकटा बसतो. हवेच्या हत्याराचं पातळ तेलच लागतं." आईने बाटली मुकाट्याने फडताळात ठेवली, पण तो पराभव तिने लक्षात ठेवला.

त्याचा वचपा संध्याकाळी निघाला. काम संपल्यावर नळीचा झोत केसांवर, शर्टावर मारून भुसा उडवायची मिस्त्रींची जुनी सवय. "ती हवा डोळ्याकानात गेली म्हणजे? जखमेतून कातडीखाली शिरली म्हणजे?" आईने त्यांच्या हातात कपड्याचा ब्रश दिला. मग टाकीतलं पाणी काढायची आठवण. पावसाळ्यात हवेतला दमटपणा टाकीत साठतो. दाब उतरवून खालची तोटी उघडली, तर चहाच्या रंगाचं गंजकं पाणी निघालं, तेही आमच्या नव्या टाइल्सवर. फडकं अर्थात मी आणलं.

दुपारी दोन ते चार आवाज नको म्हणून रोज वर येऊन बजावणाऱ्या खालच्या काकूंनी शेवटच्या दिवशी कपाटं उघडून-मिटून पाहिली आणि मिस्त्रींना स्वतःच्या किचनसाठी ठरवून टाकलं. मिस्त्री खूश. निघताना त्यांनी चष्मा पिशवीत घालून पेटीच्या तळाशी ठेवला.

आईने तो बाहेर काढला. "खाली कधी सुरू करताय? सोमवारी? मी येते दहाला."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी पट्टी धरल्यासारखा गप्प उभा राहिलो.