कुत्र्याच्या जंताच्या औषधाने कॅन्सर बरा होतो? जनावरांवरचा पुरावा नीट वाचू या

गेली काही वर्षं एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: फेनबेंडाझोल हे कुत्र्यांना आणि गुरांना देण्याचं जंतनाशक कॅन्सर बरा करतं. अमेरिकेतले जो टिपेन्स त्यामुळे शेवटच्या टप्प्यातून वाचले. उंदरांवर ते सिद्ध झालं आहे. जनावरांना इतकी वर्षं देतात, म्हणजे ते निर्धोक आहे. आणि स्वस्त असल्यामुळे औषध कंपन्यांनी ते दडपलं आहे. जानेवारी २०२५ मध्ये जो रोगन यांच्या पॉडकास्टवर अभिनेते मेल गिब्सन यांनी आपले तीन मित्र कॅन्सरमधून बरे झाल्याचं सांगितलं. त्या गप्पांत आयव्हरमेक्टिन हे दुसरं जंतनाशक आणि फेनबेंडाझोल ही नावं आली आणि संदेशाला नव्याने जोर चढला.

मी पशुवैद्य आहे. या संदेशाने मी अस्वस्थ होतो, कारण त्यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा जनावरांच्या नावावर खपवला जातो. म्हणून जनावरांवरच्या अभ्यासांत खरोखर काय दिसलं आहे, ते सांगतो.

“टिपेन्स बरे झाले, याहून मोठा पुरावा कोणता?”

टिपेन्स ओक्लाहोमाचे. २०१६ मध्ये त्यांना फुप्फुसाचा स्मॉल सेल कॅन्सर असल्याचं निदान झालं आणि पुढे तो शरीरभर पसरला. त्यांनी जंतनाशक घेतलं, हे खरं आहे. सोबत व्हिटॅमिन ई, हळदीतलं कर्क्युमिन आणि गांजाच्या रोपापासून मिळणारं सीबीडी तेलही घेतलं. संदेशातून नेमकी एकच गोष्ट गळते: त्याच काळात ते पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध कामाला लावणाऱ्या औषधाच्या, चाचणीत होते. कीट्रुडा नावाने मिळतं तेच हे औषध. आधीचे उपचार निकामी ठरलेल्या स्मॉल सेलच्या ८३ रुग्णांना हे औषध दिलं, तेव्हा १६ जणांच्या गाठी लक्षणीय आकसल्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांत तो परिणाम दीड वर्ष किंवा त्याहून जास्त टिकला. त्या उपचारात जंतनाशकाचा काही संबंध नव्हता. मग टिपेन्स यांच्या बरं होण्याचं श्रेय जंतनाशकाला द्यायचं कशाच्या आधारावर?

शिवाय ज्यांना गुण आला नाही, त्यांचे व्हिडिओ फिरत नाहीत. दक्षिण कोरियात २०१९ मध्ये या औषधाची अशी लाट आली की दुकानांतला साठा संपला. फुप्फुसाचा कॅन्सर असलेले विनोदी कलाकार किम चुल-मिन यांनी ते उघडपणे सुरू केलं. पुढच्या वर्षी, उपयोग झाला नाही असं त्यांनीच सांगितलं. डिसेंबर २०२१ मध्ये ते गेले.

“उंदरांवर सिद्ध झालं आहे.”

इथे जरा थांबून वाचावं लागेल, कारण उंदरांची ही गोष्ट खरोखर घडली आहे. प्रयोगशाळेतल्या उंदरांना पिनवर्म नावाचे बारीक जंत होतात, म्हणून त्यांच्या खाद्यात फेनबेंडाझोल मिसळायची पद्धत आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत माणसाच्या लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या, पेशी टोचल्या होत्या, आणि गाठी अपेक्षेप्रमाणे वाढेनात. संशोधकांनी खाद्याकडे बोट दाखवलं आणि चार गट करून पाहिले: साधं खाद्य, औषध घातलेलं, जादा जीवनसत्त्वं घातलेलं आणि दोन्ही घातलेलं. नुसत्या औषधाने गाठ रोखली गेली नाही. नुसत्या जीवनसत्त्वांनीही नाही. दोन्ही एकत्र दिलेल्या गटात मात्र वाढ मंदावली. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. संदेशातलं व्हिटॅमिन ई बहुधा इथूनच आलं असावं. पण एका प्रकारच्या पेशी, प्रतिकारशक्ती नसलेले उंदीर आणि योगायोगाने लागलेला शोध, एवढ्यावरून पुढचा प्रश्न विचारता येतो. उपचार ठरवता येत नाही.

तो पुढचा प्रश्न येल विद्यापीठात विचारला गेला. पेट्री डिशमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या बशीत, फेनबेंडाझोलने कॅन्सरच्या पेशींना इजा केली. मग स्तनाच्या गाठी असलेल्या जिवंत उंदरांना ते टोचलं, कधी एकटं तर कधी रेडिएशनसोबत. गाठींच्या वाढीत फरक पडला नाही. २०१३ च्या त्या निबंधाचा निष्कर्ष, कॅन्सरवर हे औषध वापरावं असा पुरावा मिळाला नाही, असा आहे. गंमत म्हणजे ‘उंदरांवर सिद्ध झालं’ म्हणणारे बऱ्याचदा याच निबंधाचं नुसतं शीर्षक पाठवतात.

डिशमध्ये चालतं ते शरीरात का चालत नाही? पेशी दुभंगते तेव्हा गुणसूत्रं दोन बाजूंना ओढणारे धागे ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे असतात. फेनबेंडाझोल त्याच प्रथिनाला चिकटतं. म्हणजे मुळातली कल्पना वेडगळ नाही. आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारं व्हिन्क्रिस्टिनही ट्युब्युलिनवरच काम करतं, आणि ते मान्यताप्राप्त केमोथेरपीचं औषध आहे. फरक असा की जंतनाशक निवडताना जंताच्या ट्युब्युलिनला घट्ट आणि सस्तन प्राण्यांच्या ट्युब्युलिनला सैल चिकटणारं औषधच निवडलेलं असतं. त्यातून ते आतड्यातून रक्तात फार कमी उतरतं. आतड्यातल्या जंतांसाठी हा गुणच आहे. हाडात किंवा यकृतात बसलेल्या गाठीसाठी तोच दोष ठरतो.

याच कुळातल्या मेबेंडाझोलची माणसांत रीतसर परीक्षा झाली आहे. स्वीडनमधल्या उप्साला इथे पोटाच्या आणि आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णांना, रक्तातली पातळी मोजत, डोस वाढवत ते दिलं. मोजक्याच रुग्णांत ठरवलेली पातळी गाठता आली आणि एकाचीही गाठ आकसली नाही. चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली.

आता एक अभ्यास, जो या संदेशात कधीच नसतो. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी उंदीर-घुशींच्या जातीतल्या रॅट या प्राण्यांना आधी कॅन्सरजनक रसायन दिलं, मग खाद्यातून फेनबेंडाझोल. त्यांच्या यकृतात कॅन्सरपूर्व बदल झालेल्या पेशींचे पुंजके वाढले. मी यावरून ‘फेनबेंडाझोलने माणसाला कॅन्सर होतो’ असं मुळीच म्हणणार नाही. डोस मोठे होते, आणि रॅटच्या यकृतात दिसणारे असे परिणाम माणसात उतरतातच असं नाही. पण ‘प्राण्यांवर सिद्ध’ हाच निकष लावायचा असेल, तर गैरसोयीचा प्राणी वगळता येणार नाही.

“मग जनावरांचा कॅन्सर तरी याने बरा होत असेल.”

नाही होत. कुत्र्यांना हे औषध सहसा तीन ते पाच दिवस देतात, त्यामुळे दीर्घ वापराबद्दल त्यावरून थेट काही सांगता येत नाही, हे मान्य. तरी नियमित जंतनाशक दिलेल्या कुत्रींना स्तनाच्या गाठी होतात, आणि दरवर्षी औषध पाजलेल्या बैलाला शिंगाचा कॅन्सर होतो. शिंग एका बाजूला कलतं, बैल सारखी मान झटकतो, त्या बाजूच्या नाकपुडीतून स्राव येतो. तेव्हा आम्ही शस्त्रक्रिया करून शिंग काढतो आणि गरजेप्रमाणे व्हिन्क्रिस्टिन देतो. भटक्या कुत्र्यांत समागमातून पसरणारा टीव्हीटी नावाचा कॅन्सर आपल्याकडे सर्रास दिसतो. त्यावरही आठवड्याला एक, अशी व्हिन्क्रिस्टिनची चार-सहा इंजेक्शनं बहुतेक कुत्र्यांना पूर्ण बरं करतात. जंतनाशक आमच्या हाताशी कपाटातच असतं. त्याने गाठ जात असती, तर रक्तपेशींवर लक्ष ठेवत केमो देण्याचा उपद्व्याप कोणत्या पशुवैद्याने केला असता?

“जनावरांना देतात, म्हणजे निर्धोक.”

कोणत्या जनावरांना? गुरांना चालणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने, ती गुरं मेल्यावर त्यांचं मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी केली. भारतातली गिधाडं जवळजवळ संपली, त्यामागचं कारण २००४ मध्ये उलगडलं आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. आयव्हरमेक्टिन बहुतेक कुत्र्यांना सोसतं, पण कोली जातीच्या अनेक कुत्र्यांत एका जनुकातल्या दोषामुळे ते मेंदूत शिरतं आणि जीवही घेऊ शकतं. हा दोष २००१ मध्ये सापडला. खुद्द फेनबेंडाझोलने कबुतरं, करकोचे आणि गिधाडं यांच्या अस्थिमज्जेला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. कुत्र्यातही रक्तपेशी घटल्याची नोंद आहे. एका प्राण्याची सुरक्षितता दुसऱ्याला उसनी मिळत नाही, हे पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला पहिल्या काही वर्षांतच शिकवतात.

माणसांचं पाहायचं तर जवळचं औषध अल्बेंडाझोल आहे, शाळेत जंतनाशक दिनी मुलांना देतात ते. ती एक गोळी सुरक्षित आहे आणि मुलांनी ती घ्यावीच. पण फीतकृमीमुळे यकृतात-फुप्फुसात होणाऱ्या हायडॅटिड गाठींसाठी हेच औषध आठवडेच्या आठवडे द्यावं लागतं, तेव्हा यकृताच्या आणि रक्तपेशींच्या तपासण्या वरचेवर करतात. रोज खायच्या औषधाचा हिशेबच वेगळा असतो.

२०२१ मध्ये जपानमधल्या डॉक्टरांनी एका ८० वर्षांच्या बाईंची हकिकत प्रसिद्ध केली. फुप्फुसाचा कॅन्सर होता आणि पेम्ब्रोलिझुमॅब चालू होतं. समाजमाध्यमांवर वाचून त्यांनी फेनबेंडाझोल सुरू केलं होतं. टिपेन्स यांचीच जोडी, औषधं तीच. त्यांच्या यकृताला इजा झाली, जंतनाशक थांबवल्यावर ती भरून आली, आणि गाठ काही आकसली नाही.

“स्वस्त आहे म्हणून दडपलं.”

फेनबेंडाझोलचं पेटंट केव्हाच संपलं आहे. कोणतंही विद्यापीठ त्याची चाचणी घेऊ शकतं, आणि मघाशी सांगितलेले जॉन्स हॉपकिन्सचे आणि येलचे अभ्यास विद्यापीठांतलेच आहेत. स्वस्त औषधाला कोणी विचारत नाही म्हणणाऱ्यांनी परळचं टाटा मेमोरियल पाहावं. स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती लिग्नोकेन, म्हणजे दात काढताना टोचतात तेच बधिर करण्याचं औषध, टोचून काय होतं हे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी सुमारे १,६०० स्त्रियांत तपासलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. इंजेक्शनची किंमत अगदी किरकोळ, आणि २०२३ मध्ये तो निबंध जगातल्या आघाडीच्या कॅन्सर नियतकालिकात छापून आला. दडपला कोणी?

तुमच्या घरात कोणी हे औषध गुपचूप घेत असेल, तर रागावू नका. भीतीपोटी माणूस काहीही करून पाहतो, आणि ती भीती खरी असते. फक्त उपचार करणाऱ्या डॉक्टरांना औषधाचं नाव, किती दिवस आणि किती घेतलं हे सगळं सांगा, हवं तर पाकीटच दाखवा. इम्युनोथेरपी किंवा केमो चालू असताना यकृताचे आकडे बिघडले, तर जंतनाशकाची माहिती नसलेला डॉक्टर दोष मूळ उपचाराला देईल आणि उपयोगी पडणारं औषध थांबवून बसेल. आणि जंतनाशकाच्या भरवशावर केमोची किंवा शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलली असेल, तर ती तारीख उद्याच पुन्हा मागून घ्या.