‘बेल्ट तर नव्यासारखा होता’: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. डिझेल व्हॅनचा टायमिंग बेल्ट (क्रँक म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा आणि कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, या दोघांना जोडणारा दातेरी पट्टा) बदलण्यावर मी जे लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तुमचा बेल्ट 1,20,000 किलोमीटरला काढला तेव्हा नव्यासारखा होता, म्हणजे मी लोकांना उगाच घाबरवतोय. बेल्टसोबत टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा रोलर) आणि इंजिन थंड ठेवणारं कूलंट फिरवणारा वॉटर पंपही बदला असं सांगणं म्हणजे धडधाकट भाग फेकून देणं. आणि कॅम-क्रँक जागेवर अडकवून धरणाऱ्या लॉकिंग पिना कशाला हव्यात, रंगाच्या खुणा केल्या की काम भागतं. तुम्ही स्वतः पाना हातात घेऊन बोलताय, म्हणून मीही सविस्तर लिहितो.

आधी ‘नव्यासारखा’ या शब्दाबद्दल. बेल्टवरचा ताण रबर घेत नाही. आत काचतंतूंच्या बारीक दोऱ्या असतात, सगळी ओढ त्या सोसतात. दोऱ्या आतून तुटायला लागल्या तरी बेल्टच्या पाठीवर काही उमटेलच असं नाही. दाताच्या मुळाशी पडलेली चीरही बेल्ट सरळ असताना मिटलेली असते. तुमचा जुना बेल्ट अजून असेल तर दात बाहेर येतील असा उलटा वाकवा, उजेडात धरा आणि दोन दातांमधली खाच बघा. (हे फक्त जुन्यावर करायचं. नवा बेल्ट असा वाकवला किंवा पिळला की दोऱ्यांना तिथेच इजा होते, मग तो बसवू नये.) खाचेत काही दिसलं नाही, तरी कळेल ते एवढंच की तो तोवर टिकला होता. पुढे किती टिकला असता, ते बघून सांगता येत नाही.

शिवाय तुमचे किलोमीटर मोकळ्या रस्त्यावरचे आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. माल पोचवणारी व्हॅन दारोदार थांबते आणि इंजिन चालूच असतं. 800 आरपीएमवर (मिनिटाला 800 फेऱ्या) तासभर उभी राहिली तर क्रँक 48,000 वेळा फिरतो. 2,000 आरपीएमवर ताशी 60 ने जाणारी गाडी तेवढ्याच फेऱ्यांत 24 किलोमीटर जाते. म्हणजे उभ्या गाडीतला प्रत्येक तास बेल्टला 24 किलोमीटरचा पडतो आणि मीटरवर त्याची नोंदच नसते. पण इथे माझ्याही लेखात एक खरी चूक होती: मी फक्त किलोमीटर लिहिले होते, वर्षं लिहिली नव्हती. गाडी नुसती उभी असली तरी रबर म्हातारं होतं. उत्पादकाने दोन्ही मर्यादा दिल्या असतील तर जी आधी येईल ती धरायची. लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

घाबरवण्याबद्दल म्हणाल, तर डिझेलचा पिस्टन वर आला की हेडपाशी (सिलिंडरच्या वरच्या झाकणापाशी, जिथे व्हॉल्व्ह असतात) जागा जेमतेम उरते. 2,400 आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 20 वेळा उघडतो, आणि बेल्ट तुटला की जो जिथे असेल तिथे राहतो; उघडा राहिलेल्यावर पिस्टन आदळतो. काही इंजिनांत रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे छोटे दांडे) मोडून व्हॉल्व्ह वाचतात हे तुमचं बरोबर आहे. पण त्या भरवशावर बेल्ट चालवावा असं मला वाटत नाही.

आता टेन्शनर आणि पंप. बेल्ट धडधाकट असताना नुसतं बेअरिंग जाम झालं तरी बेल्ट जातो. गेल्या खेपेला माझ्या व्हॅनचा रोलर काढून बोटाने फिरवला, तर तो कोरडा भिर्रर्र आवाज करत फिरतच राहिला. नवा फिरवला तो अर्धा वळसा जाऊन थांबला, कारण आत ग्रीस भरलेलं होतं. ‘किती छान फिरतोय’ म्हणून तो जुना रोलर परत बसवणारे लोक मी पाहिले आहेत. पंपाचंही तेच, तोही याच बेल्टवर फिरतो. गाडीखाली एक थेंब नव्हता, पण पंपाच्या बारक्या भोकाखाली वाळलेल्या कूलंटचा खडबडीत थर साचला होता. सील झिरपू लागलं होतं. तो पंप बदलायला पुन्हा इंजिन माउंट, क्रँक पुली, कव्हरं, सगळं उतरवावं लागलं असतं. ज्या इंजिनात पंप वेगळ्या बेल्टवर चालतो, तिथे मात्र हा सल्ला लागू नाही. हे मी लिहायला हवं होतं, आता लिहिलंय.

पिनांवर मात्र मी ठाम आहे. बेल्ट निघाला की व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांच्या दाबाने कॅम टुणकन फिरू शकतो. क्रँकच्या पुलीला 20 दात धरले तर एक दात म्हणजे 18 अंश, आणि इंजेक्शनच्या, म्हणजे डिझेल फवारण्याच्या, वेळेत दोन-चार अंशही इंजिनाला जाणवतात. एकदा मीही फक्त खुणांवर काम केलं होतं. जुन्या बेल्टवरची एक खूण तेलाने पुसट झाली होती. दात मोजून ती नव्यावर उतरवताना दोनचा फरक पडला. वरून सगळं जुळलेलं दिसत होतं. मग हाताने क्रँक फिरवायला लागलो. कॉम्प्रेशनचा (सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा) अडथळा कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे: लवचिक, जोर धरून ठेवला की हळूहळू सुटतो. दुसऱ्या फेरीत पाना जिथे अडला तिथे तसली लवचिकता नव्हती. लोखंडाला लोखंड टेकल्यासारखा तो टक्कन थांबला. मी हात काढला आणि बेल्ट पुन्हा उतरवला. तिथे स्टार्टर मारला असता तर हेड उघडावं लागलं असतं.

पुढच्या वेळी खुणा जरूर करा, मीही करतो. पण कॅम आणि क्रँक पिनांनी धरा, मात्र पुलीचा बोल्ट सोडवताना त्याच पिनांवर जोर देऊ नका, पुली वेगळ्या हत्याराने धरा. ताण दिल्यावर पिना काढा, इंजिन फिरतं त्याच दिशेने क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा आणि पिना परत घालून बघा. बोटांनी सहज आत गेल्या तर चावी फिरवा. ठोकाव्या लागत असतील तर बेल्ट पुन्हा उतरवा.